उजवा म्हणायचा की नाही

माझा उजवा हात गेला तेव्हा गाव हळहळलं, आणि हळहळून झाल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न पडला: आता मुधीफमध्ये कॉफी कोण ओतणार? मला त्यांचा राग आला नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.

मुधीफ म्हणजे शेख फलैहांची बोरूची लांबलचक बैठक. लग्न तिथेच ठरतं, भांडण तिथेच मिटतं, आणि कुणीही आला की आधी त्याच्यापुढे कॉफी जाते, बोलणं नंतर. पितळी दल्ला, म्हणजे चोचीची किटली, डाव्या हातात; फिंजान, म्हणजे छोटा पेला, उजव्या हातात. डाव्या हाताने फिंजान पुढे करणं म्हणजे पाहुण्याला जोडा मारण्यासारखं आहे. माझे वडील इथे ओतायचे, त्यांच्यामागे मी. दुसरं काही मला फारसं येत नाही, आणि यावं असं कधी वाटलंही नाही.

हात गेला तोही त्या बैठकीपायीच. छपरासाठी बोरू कापायला गेलो होतो. दलदलीचं पाणी त्या वर्षी फार आटलं होतं आणि जुन्या लढाईतलं जे काही चिखलात पडून होतं ते वर आलं होतं. माझा कोयता नेमका त्यावर पडला. कोपराच्या जरा खालपर्यंत हात उरला, पुढचा नाही.

ओतायचं काम गेलं माझ्या मेहुण्याकडे. मुतशर माणूस वाईट नाही, पण त्याला कॉफीतलं ओ की ठो कळत नाही. तो फिंजान काठोकाठ भरतो. आमच्यात तळाशी घोटभर ओततात. काठोकाठ ओतलं तर त्याचा अर्थ ‘पी आणि चालता हो’ असा होतो. पाहुणे एकमेकांकडे बघायचे, शेख दाढी कुरवाळत छपराकडे बघायचे.

“अरे, कमी ओत,” मी चुलीजवळून दबक्या आवाजात म्हणायचो.

“कशाला दाजी? कंजूष म्हणतील आपल्याला!”

मी बिया भाजत बसायचो. भाजायला डावा हात पुरतो.

त्यात नसलेला हात दुखायचा. साधा नाही, मूठ घट्ट आवळल्यासारखा. नसलेल्या तळव्यात नसलेली नखं रुतायची आणि ती मूठ काही केल्या उघडायची नाही. माझी बायको वबरिया तेलाची वाटी घेऊन यायची.

“कुठे दुखतंय?”

“तिथे.”

“तिथे तर चटई आहे.”

“मग चटईला लाव!” मी ओरडायचो. एकदा तिने खरंच लावलं. मी रडायचं सोडून हसायला लागलो, आणि ती हसायचं सोडून रडायला लागली.

बसऱ्याच्या केंद्रात मला शेखांनीच धाडलं. तिथे इब्तिहाल नावाची मुलगी होती, आमच्या धाकटीच्या वयाची. हात-पाय गेलेल्या माणसांना व्यायाम देणं हे तिचं काम. तिने माझ्या उरलेल्या हाताला तारांचा पट्टा बांधला आणि डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला. चष्मा कसला, डबाच. त्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात असं तिने सांगितलं. आम्ही सगळे पेशंट चष्माच म्हणायचो.

“काका, आता मूठ उघडायचा विचार करा.”

“कुठली मूठ?”

“जी दुखते ती.”

समोर एक हात आला. माझ्याच खांद्यापासून निघाल्यासारखा, पण गोरापान, गुळगुळीत, आयुष्यात कधी कोयता न धरलेला.

“हा कुणाचा आहे?”

“तुमचाच, काका.”

“माझा असा नव्हता. हा एखाद्या बँकेतल्या साहेबाचा वाटतो. त्याला परत देऊन टाक.”

ती हसली. काहीतरी खटपट केली आणि हात सावळा झाला. पट्ट्याखालचा स्नायू जरा कुठे हलला की पट्टा ते ओळखतो आणि चष्म्यातला हात तसा हलतो, असं तिने समजावलं. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. मी विचार केला, उघड बाबा. आणि तो सावळा हात उघडला, एकेक बोट करून. त्याबरोबर ती दुसरीही मूठ उघडली, जी कुणाला दिसत नव्हती आणि माझा जीव खात होती. नखं तळव्यातून निघाली. मी डब्याच्या आतच ढसाढसा रडलो आणि मग घाबरून विचारलं, “यात पाणी गेलं तर बिघडतो का गं हा?”

परतताना गाडीत मी उजवी बाजू खिडकीकडे ठेवून बसलो, त्या हातावर कुणी बसू नये म्हणून. मग माझं मलाच कळेना, कुणी बसलं असतं तर नक्की कशावर बसलं असतं?

“उघडली का मूठ?” वबरियाने दारातच विचारलं.

“उघडली.”

“कुणाची?”

“तेच कळत नाहीये.”

“अहो, तुम्हाला हाताच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं ना? की डोक्याच्या?”

पुढचे काही दिवस चष्म्यात रंगीत चेंडू यायचे. ते उचलायचे आणि टोपलीत टाकायचे. माझी दाढी पिकली आहे. चेंडू खेळायला मी तिथे गेलो नव्हतो.

“मुली, मला चेंडू नकोत. मला फिंजान दे.”

तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिने मनावर घेतलं. केंद्रात एक इंजिनियर होता, त्याला घेऊन बसली. पहिल्यांदा त्यांनी कान असलेला कप आणला.

“याला कान कशाला?”

“धरायला,” इंजिनियर म्हणाला.

“आमच्या फिंजानला कान नसतो. चटका बसला तरी धरायचं असतं.”

दुसऱ्या खेपेला मी घरचा दल्ला आणि फिंजान पिशवीत घालून घेऊन गेलो. मग चष्म्यात अगदी तेच दिसायला लागले, दल्ल्याच्या पोटावरच्या ठोक्यासकट. पाहुणेही आले, गालिच्यावर रांगेत बसलेले. सगळे बोडके. मी इंजिनियरला म्हटलं, शेखांच्या बैठकीत असं बोडकं बसतात का? त्याने त्यांना मुंडासी बांधली. पण सगळ्यांचा चेहरा एकच.

“हे सगळे एका आईचे?”

“काका, मला एकच चेहरा मिळाला.”

मी म्हटलं, असू दे. भाऊ भाऊ असतील. आणि पहिल्याला कॉफी ओतली. त्या हाताने फिंजान पुढे केला, त्याने घेतला, प्यायला, आणि परत पुढे केला. मी ओतली. तो प्यायला, परत पुढे केला. मी परत ओतली.

आता आमच्याकडे पाहुण्याला पुरे झालं की तो फिंजान जरासा हलवतो, मनगटातून, एवढंसंच. तो हलवेपर्यंत ओतणाऱ्याने ओतत राहायचं. तिथे आपला विचार चालत नाही. हा गडी काही हलवेना. दगडासारखा बसलेला. मी ओततोय, तो पितोय. माझ्या कपाळावरचा घाम डब्याच्या कडेने गळ्यात उतरला, खांदा भरून आला. बाहेरून इब्तिहालचा आवाज येत होता, “वा काका! किती छान! थांबूच नका!” आणखी माणसं जमल्याचं ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, हा माणूस आपली परीक्षा घेतोय. अदबीनं विचारून बघितलं, “भाऊ, आणखी घेणार?” बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. समोरून परत फिंजान पुढे.

शेवटी माझा बांध फुटला. “अरे हलव की मेल्या! घोड्याचं पोट आहे का तुझं?”

चष्मा निघाला. इब्तिहाल गोंधळून माझ्याकडे बघत होती. “काका, काय झालं? तुम्हाला वाटलं तेव्हा थांबायचं होतं ना.”

“मला वाटून काय उपयोग? त्याला वाटायला हवं.”

“पण तो खरा नाहीये.”

“मग मी कुणाला ओतत होतो?”

तिला तरी काय माहीत? शहरात वाढलेली, घरी यंत्रातली कॉफी पिणारी मुलगी. फिंजान हलवतात हे तिला मी सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला, आणि पुढच्या आठवड्यात त्या भावाभावांना फिंजान हलवायला शिकवलं. ओतायला मजा यायला लागली. मुठीचं दुखणं रोजचं होतं ते अधूनमधून यायला लागलं. चष्मा काढला की मात्र मी उजव्या बाजूला बघायचो आणि तिथे काही नसायचं. दर वेळी मला ते नव्यानेच कळायचं.

मग खरा हात आला. म्हणजे खोटा. म्हणजे तो जो बांधायचा असतो तो. काळी बोटं, वरून चामडीच्या रंगाचा मोजा, मिटताना डासासारखा आवाज. पट्ट्याची तीच युक्ती. चष्म्यात शिकलेलं सगळं त्याला लागू पडलं. केंद्रात मी त्याने अंडं उचललं आणि फुटलं नाही तेव्हा टाळ्या वाजल्या. मी हात बांधून, वर चांगला अबा, आमचा लांब झगा, घालून थेट मुधीफमध्ये गेलो आणि शेखांसमोर उभा राहिलो.

“शेखसाहेब, मी आलोय. ओतायला.”

शेखांनी हात बघितला. मोजा ओढून बघितला. “शनावा, हा उजवा म्हणायचा का रे?”

झालं, सगळी बैठक त्या एका प्रश्नावर तुटून पडली.

“उजव्या बाजूला आहे, म्हणजे उजवा,” एक म्हातारा म्हणाला.

“प्लास्टिकला कसलं उजवं-डावं?” मुतशर म्हणाला. “बादलीला असतं का?”

“बादली कुणाच्या खांद्याला लागलेली असते का?”

“दाजी, तुम्ही रागावू नका, पण उद्या हा डाव्या बाजूला बांधला तर डावा होईल ना?”

मला त्याच्या तोंडात तो हात कोंबावासा वाटला. पण तो म्हणत होता ते चूक कसं, हेही सांगता येईना.

शेखांनी मला सय्यदांकडे नेलं; धर्माचं काही अडलं की सगळे त्यांनाच विचारतात. सय्यद वयाने फार मोठे, सावकाश बोलणारे. त्यांनी विचारलं, “नमाजाआधी हात धुता, तेव्हा हा धुता का?”

“नाही, बिघडेल.”

“मग हा तुमच्या अंगाचा नाही.”

“म्हणजे माझा नाही?”

“तुमचा आहे. पण अंगाचा नाही.”

“मग उजवा आहे की नाही?”

सय्यदांनी डोळे मिटले. आम्ही वाट बघितली. बराच वेळ गेला, तेव्हा त्यांना झोप लागली आहे हे शेखांच्या लक्षात आलं. त्यांना उठवायची आमची छाती झाली नाही.

माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. एक हात जो गेला आणि दुखायचा, एक जो चष्म्यात दिसायचा, आणि एक जो बांधायचा. तीन तीन उजवे हात होते माझ्याकडे, आणि त्यातला एकही बैठकीत चालेल की नाही ते कुणाला सांगता येत नव्हतं. शेवटी शेखांनी निकाल दिला: घरच्या माणसांना शनावा ओतेल, पाहुणा आला की मुतशर. मी मान खाली घातली. घरच्यांना काय, कुणीही ओततं. मला ते इतकं लागलं की मी घरच्यांनाही ओतायला उठलो नाही.

त्यानंतर हाजी मिझहर आले.

आमच्याकडच्या एका तापट माणसाने पाटाच्या पाण्यावरून त्यांच्या मुलाला गोळी घातली होती. धाकटा होता तो. मधल्या लोकांनी महिनोन् महिने खेटे घातल्यावर हाजी एकदाचे समेटाला यायला तयार झाले. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं मुधीफमध्ये समोरासमोर बसली, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मुतशरने हाजींपुढे फिंजान धरला. त्यांनी तो घेऊन तसाच जमिनीवर ठेवला. मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही. प्यायला तर समेट झाला, नाही प्यायला तर उद्यापासून पुन्हा बंदुका.

बोलणं दुपारपर्यंत चाललं. सगळ्या अटी शेखांनी मान्य केल्या. मग ते म्हणाले, “हाजी, आता कॉफी घ्या.”

गार झालेला फिंजान उचलून मुतशर ताजी ओतायला पुढे झाला. हाजींनी त्याला हाताने थांबवलं.

“हा नको. शनावा कुठेय? माझ्या बापाला त्याने ओतलीय, मला त्याने ओतलीय. माझ्या पोराचा समेट मी कुणाही सोम्यागोम्याकडून पिणार नाही.”

मी चुलीपाशी बसलो होतो, उजवी बाजू अब्यात झाकून. माझ्या हाताचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. सगळी बैठक माझ्याकडे वळली. मी शेखांकडे बघितलं. शेखांच्या डोळ्यांत हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं.

मी उठलो. दल्ला डाव्या हातात घेतला. फिंजान त्या हातात. डास वाजला, शांततेत तो केवढा मोठा वाटला! तळाशी घोटभर ओतली आणि हाजींपुढे जाऊन धरली. खऱ्या डाव्याने दिली असती तर नक्की अपमान होता. खोट्या उजव्याने दिली तर कदाचित होता. मी ते ‘कदाचित’ पत्करलं.

हाजींनी हाताकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मग दोन बोटांनी फिंजान धरला आणि ओढला.

तो येईना.

मी विचार केला, उघड. हात उघडेना. तेव्हा, त्या क्षणी, माझ्या ध्यानात आलं की चष्म्यातल्या पाहुण्यांनी बोट लावलं की फिंजान आपोआप त्यांच्याकडे जायचा. धरायला मी शिकलो होतो, तोल सांभाळायला शिकलो होतो. समोरच्या माणसाच्या हातात सोडायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. घामाने पट्टा निसटत होता. उघड, उघड, मी मनात ओरडत होतो, आणि तो डासासारखा वाजत आणखीच आवळत होता. एक फिंजान आणि तो धरून ठेवलेली दोन माणसं. हाजींच्या मागचा एक जण अर्धा उठला. आमच्याकडचेही दोघे उठले.

“सोड,” शेख ओठ न हलवता म्हणाले.

“सोडतोय,” मी म्हणालो.

हाजींनी विचारलं, “तुझा हात कुठेय, शनावा?”

“बोरूत गेला, हाजी. सुरुंगावर.”

“आणि हा?”

“कळत नाही, हाजी. माझाच आहे म्हणतात.”

“दुखतो?”

“हा नाही दुखत. गेलेला दुखतो.”

हाजी माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, दोघांनाही नजर काढता येईना. मग त्यांनी फिंजानवरची बोटं सोडली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, मान वाकवली आणि माझ्या हातातल्या फिंजानला तोंड लावलं.

बैठकीत कुणाला काय समजावं तेच कळेना. मुलगा गमावलेला बाप आमच्या घरात येऊन मान वाकवून पितो, हा मोठेपणा की नामुष्की? त्यांची माणसं त्यांच्याकडे बघत होती, आमची शेखांकडे, आणि शेख माझ्याकडे, जसं काही मला माहीत असेल. अर्धे उठलेले तसेच अर्धे उठलेले राहिले. मला एवढंच कळत होतं की आपण हलायचं नाही.

हाजींनी डोकं वर केलं, मिशा पुसल्या.

“आणखी ओत.”

मी त्याच अडकलेल्या फिंजानमध्ये पुन्हा घोटभर ओतली. ते पुन्हा वाकले. मुंडाशाचं टोक माझ्या मनगटावर पडलं होतं. मला ते जाणवत नव्हतं, नुसतं दिसत होतं. तेवढ्यात त्यांचा खांदा हलला, एकदा, मग परत. माझ्या मागे कुणीतरी “अल्हम्दुलिल्लाह” म्हणालं, आणि उठलेली माणसं एकेक करून खाली बसली. समेट झाला होता. सगळ्यांना दिसत होतं की हाजी कॉफी पीत आहेत.

फिंजान केव्हाच रिकामा झाला होता, तरी हाजींची मान वर आली नव्हती. मी हात तसाच धरून ठेवला.